बंद गाडीत लहान मूल : धोका, बचाव आणि ‘पाळणा’ योजनेची मदत

रेशन दुकान, आधार केंद्र, बँकेतील केवायसी, तहसील कार्यालय. यांतील कोणत्याही कामाला जाताना सोबतचे मूल गाडीत झोपी जाते आणि मनात येते, उठवायचे कशाला, पाच मिनिटांत तर परत येतो. पण सरकारी कामाची रांग पाच मिनिटांत संपत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. सर्व्हर बंद पडतो, अंगठा जुळत नाही, झेरॉक्स आणायला पाठवतात. त्यामुळे सहा वर्षांखालील मुलाला बंद गाडीत एकटे ठेवू नका. किती वेळ लागणार, हे मोजत बसू नका.

गाडीच्या आत नेमके काय होते?

ऊन काचेतून आत येते, सीट आणि डॅशबोर्ड तापतात आणि ती उष्णता बाहेर पडू शकत नाही. बाहेर 27 अंश सेल्सिअस असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचे आतील तापमान 10 मिनिटांत सुमारे 11 अंशांनी आणि अर्ध्या तासात सुमारे 19 अंशांनी वाढते. हे साध्या, फार गरम नसलेल्या दिवसाचे आकडे आहेत. विदर्भात, राजस्थानात किंवा आंध्रात मे महिन्यात बाहेरच 42-43 अंश असतात, तेव्हा सुरुवातच तेथून होते.

‘काच थोडी खाली ठेवली आहे’ हा दिलासा खोटा आहे. बोटभर उघड्या काचेने तापमान वाढण्याचा वेग फारसा कमी होत नाही. सावलीत लावलेली गाडीही थोड्या वेळाने उन्हात येते. एसी चालू ठेवून उतरणेही सुरक्षित नाही. इंजिन बंद पडू शकते, मूल गिअर हलवू शकते, दार आतून लॉक होऊ शकते.

मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाचे शरीर 3 ते 5 पट वेगाने तापते. शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर गेले की उष्माघात होतो. मेंदू, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांना इजा होऊ लागते. अशा वेळी मूल रडून सर्वांना जागे करील, असे समजू नका. अनेकदा ते सुस्त होते आणि बाहेरच्याला झोपल्यासारखेच दिसते.

मुले गाडीत कशी अडकतात?

मुलाला जाणूनबुजून ठेवून जाणे हा एकच प्रकार नाही. आपल्या देशातील अलीकडच्या घटना पाहिल्या तर आणखी दोन प्रकार दिसतात.

पहिला, मूल गाडीत आहे हेच विसरणे. मे 2024 मध्ये राजस्थानातील कोटा जिल्ह्यात एक कुटुंब लग्नाला गेले होते. आई आणि मोठी मुलगी आधी उतरल्या, वडील गाडी लावायला गेले. 3 वर्षांची धाकटी गाडीतच राहिली. आईला वाटले ती वडिलांजवळ आहे, वडिलांना वाटले ती आईबरोबर गेली. लक्षात येईपर्यंत फार उशीर झाला होता. यात कोणी निष्काळजी स्वभावाचे होते, असे म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. लग्नाची गर्दी, नातेवाईकांच्या भेटी, दोन मोठी माणसे आणि दोन मुले. असे कोणाच्याही घरी घडू शकते.

दुसरा प्रकार, खेळता खेळता मुले स्वतःच आत शिरतात. एप्रिल 2024 मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात दोन लहान भावंडे एका जुन्या, उभ्या असलेल्या गाडीत मृतावस्थेत सापडली. मे 2025 मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यात द्वारपुडी गावी चार मुले अशाच प्रकारे गाडीत अडकून दगावली. म्हणजे ज्यांच्या घरी गाडी नाही, त्यांच्या मुलांनाही हा धोका आहे. वस्तीत, गॅरेजबाहेर किंवा मैदानाच्या कडेला महिनोन् महिने पडून असलेली गाडी उघडी राहात असेल तर मालकाला लॉक करायला सांगा. मालक सापडत नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा पोलीस ठाण्यात लेखी कळवा. मूल दिसेनासे झाले तर विहीर, पाण्याची टाकी यांच्याबरोबरच आसपासच्या सर्व गाड्या, डिकीसह, लगेच पाहा.

शाळेच्या व्हॅनचा विचारही वेगळा करायला हवा. मागच्या सीटवर झोपलेले मूल उतरायचे राहून जाते. सप्टेंबर 2022 मध्ये कतारमध्ये मूळच्या केरळच्या 4 वर्षांच्या मुलीचा असाच स्कूल बसमध्ये मृत्यू झाला. चालकाला किंवा मदतनीस ताईंना स्पष्ट विचारा: शेवटचे मूल उतरल्यावर गाडीत मागेपर्यंत चालत जाऊन कोण पाहते? आणि मूल गैरहजर असेल तर त्याच दिवशी पालकांना फोन करावा, असे शाळेला व अंगणवाडीला सांगून ठेवा. या एका फोनमुळे विसरलेले मूल वेळेत सापडू शकते.

ऊसतोड, वीटभट्टी किंवा बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना. ट्रॉली किंवा ट्रकच्या खाली सावली असते, म्हणून मुलाला तेथे झोपवले जाते. चालकाला ते दिसत नाही आणि गाडी हलते. झोळी झाडाला बांधा, वाहनाला नको.

रोजच्या काही सवयी

तुमची पिशवी, डबा किंवा एक चप्पल मागच्या सीटवर मुलाजवळ ठेवा, म्हणजे उतरताना मागे पाहावेच लागेल. दोघे मोठे असाल तर ‘बाळ माझ्याकडे आहे’ हे मोठ्याने बोला; गृहीत धरू नका. घरी उभी असलेली गाडीही लॉक ठेवा आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

तीन-चार वर्षांच्या मुलाला बाहेर कसे पडायचे ते शिकवता येते. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर ती आतून उघडत नाहीत. तेव्हा पुढच्या सीटवर जायचे, दाराची मूठ ओढायची, तरीही उघडले नाही तर हॉर्न दाबून धरायचा. बहुतेक गाड्यांत किल्ली नसतानाही हॉर्न वाजतो. तुमच्या गाडीत वाजतो का, हे एकदा मुलाकडूनच वाजवून पाहा.

गाडीत अडकलेले मूल दिसले तर

112 वर फोन करा. मुलांची हेल्पलाइन 1098 आहे, रुग्णवाहिकेसाठी बहुतेक राज्यांत 108. मालकाला हाक मारायला एकाला पाठवा, पण मूल निपचित दिसत असेल तर वाट पाहू नका. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच कोपऱ्यात पान्याने किंवा दगडाने फोडा. पुढची मोठी काच सहजी फुटत नाही. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या अशा कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 चे संरक्षण मिळते, त्यामुळे काच फोडल्याबद्दल गुन्हा लागेल या भीतीने थांबू नका.

मुलाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर साधे पाणी ओता आणि वारा घाला. मान, काख आणि जांघेत ओले कापड ठेवा. मूल पूर्ण शुद्धीवर असेल तरच घोट-घोट पाणी द्या. तापाचे औषध देऊ नका. हा ताप नव्हे, त्याने उपयोग होत नाही. मूल बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवाच.

कायद्याबाबत थोडक्यात: मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने त्याच्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला त्रास होऊ दिला तर बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 75 नुसार 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मुलाला ठेवायला जागाच नसेल तर?

खरा प्रश्न बहुतेकदा हाच असतो. कामाला जायचे, घरात दुसरे कोणी नाही, म्हणून मूल रिक्षात, टेम्पोत किंवा ट्रकच्या केबिनमध्ये सोबत येते. यासाठी केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पाळणा’ योजना आहे. आधीची राष्ट्रीय पाळणाघर योजना 1 एप्रिल 2022 पासून यात आली. निवडक अंगणवाड्यांना जोडून पाळणाघर चालते आणि अशी 17,000 अंगणवाडी-पाळणाघरे सुरू करण्याचे उद्दिष्ट ठरले होते.

6 महिने ते 6 वर्षे वयाच्या मुलांना येथे घेतले जाते. महिन्यात 26 दिवस, रोज साडेसात तास. झोपण्याची सोय, पूरक आहार, वजन-उंचीची नोंद, आरोग्य तपासणी, लसीकरण आणि वयानुसार शिकवणे मिळते. आई नोकरी करते की नाही, ही अट नाही. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाल्या ताई, सर्वजणी मूल पाठवू शकतात.

मात्र प्रत्येक अंगणवाडीत पाळणाघर नाही. तुमच्या अंगणवाडी सेविकेला विचारा. तेथे सोय नसेल तर जवळचे पाळणाघर कोठे आहे हे पर्यवेक्षिका किंवा बालविकास प्रकल्प अधिकारी सांगतील. जाताना मुलाचा जन्म दाखला किंवा आधार आणि लसीकरण कार्ड सोबत ठेवा. वस्तीत पाच-सहा घरांची गरज सारखीच असेल तर सर्वांनी मिळून प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तुम्ही किंवा पती 50 अथवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी नोकरीला असाल, तर तेथे पाळणाघराची सोय करणे मालकाला बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून 4 वेळा मुलाला भेटायला जाता येते.