यंत्र बदलले, दुखणेही बदलले

घरातला टीव्ही नुसता पाहायचाच का, त्याच्यावर खेळता का येऊ नये, असा प्रश्न राल्फ बेअर या अमेरिकी अभियंत्याला १९६६ मध्ये पडला. त्यातून १९७२ मध्ये ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे घरगुती व्हिडिओ गेमचे पहिले यंत्र बाजारात आले. पडद्यावर दिसायचे ते काही पांढरे चौकोनी ठिपके आणि एक रेघ. आवाज नाही, रंग नाही. गुण खेळाडूंनीच कागदावर मांडायचे आणि मैदानाचा भास व्हावा म्हणून पडद्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद चिकटवायचा.

तिथपासून आजच्या ‘प्लेस्टेशन’पर्यंतचा प्रवास तंत्रज्ञानाचा आहे, तसाच तो आरोग्याचाही आहे. यंत्राचा आकार बदलला तसा शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर येणारा ताणही बदलत गेला.

अंगठ्यापासून खांद्यापर्यंत

१९७६ मध्ये जेरी लॉसन यांच्या चमूने बदलता येणाऱ्या कॅसेटचे यंत्र आणले आणि पुढच्याच वर्षी ‘अटारी’ने ते घराघरांत पोहोचवले. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. पण त्याच वर्षी जपानमध्ये निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ आले. त्याच्या हातातल्या पट्टीवर दांड्याऐवजी अधिकच्या चिन्हासारखे बटण होते. आता सारा खेळ अंगठ्यावर आला. नव्वदच्या दशकात याच यंत्राच्या स्वस्त नकला भारतात आल्या. कॅसेटमध्ये फुंकर मारून ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळलेली पिढी आज पालकांच्या भूमिकेत आहे.

अंगठ्याने कुरकूर करायला वेळ लावला नाही. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात अंगठ्याच्या स्नायुबंधाला सूज आलेल्या एका महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. न थांबता पाच तास खेळल्याचा तो परिणाम होता. या दुखण्याला ‘निन्टेन्डिनायटिस’ असे गमतीदार नाव मिळाले. २००६ मध्ये ‘वी’ हे यंत्र आले आणि हातवारे करून टेनिस खेळता येऊ लागले. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात खांदा दुखावल्याची नोंद झाली. रुग्ण स्वतः डॉक्टरच होते. उपचार साधा होता : वेदनाशामक औषध आणि काही दिवस खेळ बंद.

ही दुखणी बहुधा विश्रांतीने बरी होतात. मात्र अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात वेदना दोन-तीन आठवडे टिकली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा पकड सैल झाली, तर तपासणी करून घ्यावी.

लखलखाट आणि डोळे

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेतील एका दृश्यात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा चमकला आणि साडेसहाशेहून अधिक प्रेक्षकांना, त्यात बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. तो व्हिडिओ गेम नव्हता. पण वेगाने चमकणारा प्रकाश काही मुलांच्या मेंदूत फिट आणू शकतो, हे त्या दिवशी जगाला कळले. अशी मुले थोडीच असतात. तरी फिटचा आजार असलेल्या मुलाने खेळण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, खोलीत दिवा लावावा, पडद्यापासून लांब बसावे आणि जागरण झालेले असताना खेळू नये. पडद्यावर लखलखाट सुरू होऊन अस्वस्थ वाटलेच, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान फिरवावी. दोन्ही डोळे नुसते मिटून घेणे पुरत नाही, कारण पापण्यांतूनही प्रकाश आत जातो.

पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहणे हा सोपा उपाय आहे. लहान मुलांचा चष्मा लांबवायचा असेल, तर त्यांना रोज उन्हाउजेडात मैदानावर पाठवायला हवे.

न संपणारा खेळ

जुन्या खेळाला शेवट होता. तीन ‘लाइफ’ संपल्या की खेळ संपायचा. घरात टीव्ही एकच. आजीची मालिका सुरू झाली की कॅसेट काढावीच लागायची. इंटरनेट आले आणि ही नैसर्गिक सीमा पुसली गेली. आजच्या अनेक खेळांत शेवटची पातळीच नसते. रोज हजेरी लावली तर बक्षीस, गैरहजर राहिले तर तोटा, आणि मध्येच उठले तर संघातले मित्र नाराज. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसले की माणूस अधिक काळ वाट पाहत राहतो. लॉटरीचे तिकीट खपते त्याचेही कारण हेच. लंडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये खेळाडूंच्या मेंदूची चित्रे काढली, तेव्हा खेळताना डोपामाइन हे रसायन स्रवत असल्याचे दिसले. त्यात गैर काही नाही. आवडीचे पदार्थ खातानाही ते स्रवते. प्रश्न थांबता येते की नाही, हा आहे.

याचा पहिला घाव झोपेवर पडतो. किशोरवयात शरीराचे घड्याळ मुळातच उशिराकडे सरकते. त्यात रात्रीचा उत्कंठावर्धक सामना आणि डोळ्यांवरचा प्रकाश. सकाळी शाळा मात्र वेळेवरच भरते. मग चिडचिड, डोकेदुखी आणि घसरलेले गुण यांचे खापर अभ्यासातल्या आळसावर फोडले जाते.

आजार कधी म्हणायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश झाला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या खुणा तीन आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे सुरूच राहणे. यामुळे शिक्षण, काम किंवा नाती गंभीरपणे बिघडलेली असावी लागतात आणि हे साधारण बारा महिने चाललेले असावे लागते. सुटीत मुलगा चार तास खेळला, एवढ्यावरून त्याला व्यसनी ठरवणे चूक आहे. बहुसंख्य खेळाडूंना हा आजार नसतो. ज्यांना असतो, त्यांच्यात अनेकदा नैराश्य, चिंता किंवा चंचलतेचा विकार आधीपासून दडलेला सापडतो. अशा वेळी नुसते यंत्र कपाटात ठेवून मूळ दुखणे बरे होत नाही.

खेळांचे गुणगानही मापातच करावे. पक्षाघाताच्या रुग्णांचा हात सुधारण्यासाठी ‘वी’चा मोठा बोलबाला झाला होता. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय चाचणीत त्याची तुलना पत्त्यांसारख्या साध्या खेळांशी केली गेली, तेव्हा दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. हात हलता राहणे महत्त्वाचे होते, यंत्र नव्हे.

घरात काय करता येईल?

खेळाचे यंत्र आणि मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर ठेवावेत. झोपण्यापूर्वीचा तास पडद्याविना असावा. एक सामना किती वेळ चालतो, हे मुलाला विचारावे आणि ‘दहा वाजता बंद’ऐवजी ‘आणखी दोन सामने’ असा करार करावा. ऐन रंगात यंत्र हिसकावले की भांडणच हाती येते. आठवड्यातून एकदा पालकांनी शेजारी बसून खेळून पाहावे. खेळात पैसे मागितले जातात का आणि पलीकडे बोलणारा कोण आहे, हे त्यातूनच कळते.

शाळा बुडू लागली, जेवण-झोप सुटली किंवा यंत्र बंद केल्यावर मूल हिंसक झाले, तर वाट पाहू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते, आणि मुलाने नकार दिला तरी आई-वडिलांना आपल्यापुरता सल्ला घेता येतो.