सॉफ्टवेअरची मालकी : कॉपीराइट की पेटंट?

महिनोन् महिने खपून तयार केलेल्या सॉफ्टवेअरवर आपला हक्क नेमका कोणता, हा प्रश्न संगणक अभियंत्यांना आणि छोट्या उद्योजकांना नेहमी पडतो. भारतीय कायदा याचे उत्तर दोन भागांत देतो.

पहिला भाग कॉपीराइटचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणक प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतींमध्ये झाली. कायद्याच्या लेखी कादंबरी आणि प्रोग्रॅम एकाच पंक्तीत बसले. प्रोग्रॅम लिहून होताच हा हक्क आपोआप मिळतो. नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो टिकतो. मात्र संरक्षण मिळते ते मांडणीला, कल्पनेला नव्हे. कोड उचलणाऱ्याला न्यायालयात खेचता येते. पण तेच काम करणारा प्रोग्रॅम कुणी स्वतंत्रपणे लिहिला, तर त्याला अडवता येत नाही.

पेटंटचे सामर्थ्य इथेच वेगळे ठरते. ते कार्यपद्धतीवरच २० वर्षांची मक्तेदारी देते. म्हणूनच कायद्याने हात आखडता घेतला आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅम, गणिती वा व्यावसायिक पद्धती आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. २००४ च्या अखेरीस सरकारने अध्यादेश काढून उद्योगातील तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी सांगड असलेल्या प्रोग्रॅमसाठी दार किलकिले केले होते. २००५ साली संसदेने कायदा करताना ही तरतूद वगळली.

तरीही ‘निव्वळ’ या शब्दाला महत्त्व आहे. बंदी निव्वळ प्रोग्रॅमवर आहे, प्रोग्रॅमवर आधारित प्रत्येक शोधावर नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केले. शोधातून तांत्रिक परिणाम साधला जात असेल, तर त्याचा विचार होऊ शकतो. हिशेब ठेवण्याची नवी पद्धत संगणकावर आणली एवढ्याने पेटंट मिळणार नाही. मोटारीचे ब्रेक अधिक अचूक चालवणाऱ्या नव्या नियंत्रण यंत्रणेचा दावा मात्र तपासला जाईल.

बहुतेकांचा आधार त्यामुळे कॉपीराइट हाच. तिथेही एक मेख आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाचा. बाहेरच्या तंत्रज्ञाकडून मोबदला देऊन लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमचा हक्क मात्र सामान्यतः त्या तंत्रज्ञाकडेच राहतो. पैसे मोजले म्हणजे मालकी आली, असे समजणाऱ्या उद्योजकाने आधी लेखी करार करणे शहाणपणाचे.