रमाबाईंनी दार लावलं नाही

मागच्या महिन्यात आमच्या वर्गात एक भांडण झालं. एका मुलानं महागावच्या बाजारातून नवा कंपास आणला होता. मधल्या सुट्टीत दुसऱ्यानं तो पायाखाली घेतला. चुकून नाही बरं का, मुद्दाम! आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. कधी वही लपव, कधी टोपणनावानं चिडव, असं बरेच दिवस चाललं होतं. कंपासवाला मुलगा शाळेत काही बोलला नाही. घरी जाऊन रडला. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "सर, तुम्ही पोरांना शिकवता की वाईट वागणाऱ्याशीही चांगलं वागा. मग आमच्या पोरानं नुसतं सोसतच राहायचं का?"

खरं सांगू? मला लगेच उत्तर सुचलं नाही. डी.एड.ला असताना पाठाचं टाचण काढायला शिकलो, या प्रश्नाचं टाचण काही कुणी दिलं नव्हतं. घरी आल्यावर पंडिता रमाबाईंची आठवण झाली.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. हे कुटुंब तीर्थांच्या गावी जायचं, पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर गुजराण करायचं. रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असताना दुष्काळात आई-वडील दोघंही गेले. आई अखेरच्या दुखण्यात खायला मागत होती. तेव्हा रमाबाई शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, पण मागायची इतकी लाज वाटली की तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईनं भाकरीचा तुकडा दिला. रमाबाई तो घेऊन धावत आल्या, पण आईला तो खाववला नाही. आईला उचलायला चार माणसंही मिळेनात. दोघेजण कसेबसे तयार झाले. तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी, म्हणून त्यांनी तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं.

या मुलीनं पुढं नाव कमावलं. कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. लग्न झालं, मुलगी झाली, आणि १८८२ मध्ये पती वारले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जे छळतात त्यांचंही भलं चिंता, ही येशूची शिकवण. दुसरा गाल पुढं करण्याची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. ऐकायला सोपी आहे हो. पण कुणी खरंच गालावर मारलं की मग समजतं!

रमाबाईंना ते १८९३ साली समजलं. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी 'शारदा सदन' ही शाळा काढली होती आणि नंतर ती पुण्याला नेली होती. तिथं धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण खोलीचं दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. झालं! पुण्यात गदारोळ उठला. 'केसरी'तून कडक टीका झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे मोठे लोक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. आता टीका करणारे सगळे दुष्ट होते, असं समजू नका. दिलेला शब्द मोडला, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण ज्या बाईनं स्वतःच्या लेकीसारख्या मुली सांभाळल्या, तिच्या जिवाला काय वाटलं असेल?

तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, जाऊ द्या, या लोकांसाठी आता काही करायला नको. रमाबाईंनी खोलीचं दार लावलं नाही आणि शाळेचंही लावलं नाही.

तीनच वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. मध्य प्रांत म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाचा मोठा भाग आणि आपल्या शेजारचा नागपूर-वर्ध्याकडचा मुलूख. बातम्या वाचून रमाबाईंना आपली उपाशी आई आठवली. त्या स्वतः तिकडं गेल्या. अनाथ मुली अन्नाच्या आशेनं वाईट माणसांच्या हाती पडत होत्या. रमाबाईंनी तीनशे मुली आणायचं ठरवलं. पैसे? हाताशी नव्हते. पुण्यात प्लेगमुळं नव्या मुली ठेवायची बंदी आली, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तिथं विहीर होती, झाडं होती, पण घरं नव्हती, झोपड्या बांधल्या. हेच पुढं 'मुक्ती सदन' झालं.

आधी शारदा सदनात बहुतेक उच्च जातीच्या विधवा होत्या. आता कुणाचीही लेक आली तरी दार उघडं. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानंतर (तो आपल्या वऱ्हाडालाही फार जाचला) तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, तेलघाणा, सगळं त्या शिकल्या. अंध मुलींना लेक मनोरमा बोटांनी वाचायला शिकवायची. लोकांनी टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन होतं, म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला त्यांची संस्था आजही आहे.

पण त्या आईच्या प्रश्नाचं काय? ते उत्तर मला १८९७ च्या एका पत्रात सापडलं. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे हाल होतात, हे रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. सरकार रागावेल, याची पर्वा केली नाही. स्वतःवरची टीका पोटात घालणारी ही बाई दुसऱ्यांच्या मुलींसाठी मात्र गप्प बसली नाही.

म्हणून मी त्या आईला सांगितलं, "ताई, तुमचं पोर सोसत राहणार नाही. त्यानं मला सांगायलाच हवं, आणि ते थांबवणं माझं काम आहे." दोघांना बोलावलं. कंपास फोडणाऱ्याच्या वडिलांनाही बोलावलं. नवा कंपास आला. मैत्री करा, असं मात्र मी म्हटलं नाही. ते सांगून होत नसतं.

परवा भूमितीची चाचणी होती. कंपास फोडणारा पट्टी घरी विसरला होता आणि इकडंतिकडं बघत होता. पुढच्या बाकावरून एक हात मागं आला. हातात पट्टी होती. मी फळ्याकडं तोंड केलं. तास संपल्यावर पट्टी परत गेली. दोघंही काही बोलले नाहीत. पण पट्टीवर शाईचे डाग होते, ते पुसलेले होते.