कॅड शिकणाऱ्याला मदत कोठून मिळते

लखनौमधील आलमबाग येथे उत्तर रेल्वेचा डबे दुरुस्तीचा कारखाना आहे आणि लगतच्या मानकनगरात रेल्वेच्या आरडीएसओ या अभिकल्प व मानक संघटनेचे मुख्यालय आहे. १९३० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ मधील परीक्षण व संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ मध्ये ही संस्था उभी राहिली. डब्याच्या बोगीपासून पुलाच्या गर्डरपर्यंत अनेक भागांची प्रमाणित आरेखने येथे ठरतात आणि देशभरचे पुरवठादार त्यांबरहुकूम माल तयार करतात. आरेखनात फेरबदल झाला की त्याला क्रमांक मिळतो, निविदेत आरेखनाबरोबर या फेरबदलाचाही उल्लेख असतो, आणि जुन्या प्रतीवरून बनवलेला भाग मापात अचूक असूनही नाकारला जाऊ शकतो. संगणकसाहाय्यित आरेखन, म्हणजे कॅड, शिकणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे, कारण सॉफ्टवेअरच्या आज्ञा शिकवणारे साहित्य उदंड आहे. आरेखनाची शिस्त शिकवणारे मात्र शोधावे लागते.

१९८२ च्या अखेरीस बाजारात आलेले ऑटोकॅड हे अमेरिकी सॉफ्टवेअर आजही सर्वाधिक परिचित आहे, आणि त्यावरच्या पुष्कळशा शिकवण्या अमेरिकी सवयी गृहीत धरतात. नवी फाइल उघडताना इंचांचा साचा निवडला गेला आणि पुढे मिलिमीटरमधील भाग त्यात आणला, तर एककांच्या नोंदीतील गफलतीने तो नेमका २५.४ पट लहानमोठा दिसू शकतो. दुसरा घोटाळा प्रक्षेपणाचा, म्हणजे वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची दृश्ये कागदावर मांडण्याच्या पद्धतीचा असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘एसपी ४६’ या मार्गदर्शिकेनुसार आपल्याकडे प्रथम कोन पद्धत चालते, तीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते. अमेरिकेत रूढ असलेल्या तृतीय कोन पद्धतीत ते वर येते. परदेशी व्हिडिओ पाहून तयार झालेला हात कारखान्यात अडतो तो बहुधा येथेच, आणि त्याचा दोष सॉफ्टवेअरला देण्यात अर्थ नसतो.

मराठी विद्यार्थ्याला आधार घेण्याजोगी ठिकाणे थोडी असली तरी भक्कम आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेची, म्हणजे निमीची, आयटीआयसाठीची पुस्तके आरेखक व्यवसायाचा पाया घालतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे सुमारे दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. ते मुक्त सॉफ्टवेअरचे असून ऐकता ऐकता संगणकावर तेच करून पाहावे, अशी त्यांची रचना आहे. त्याच संस्थेतील ‘ओस्दाग’ हे मुक्त सॉफ्टवेअर पोलादी जोडांचा अभिकल्प आयएस ८०० या भारतीय संहितेनुसार करते आणि त्याची त्रिमितीय आकृती दाखवते, त्यामुळे नियम व आकृती यांचा संबंध स्थापत्याच्या विद्यार्थ्याला समोरासमोर दिसतो. परवान्याचा खर्च झेपत नसेल, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० या टप्प्याला पोहोचलेले फ्रीकॅड मोफत आहे. ऑटोकॅडही विद्यार्थ्यांना शिक्षणापुरते विनामूल्य मिळते, मात्र त्यावर कमाईची कामे करता येत नाहीत, ही अट सोयिस्करपणे विसरली जाते.

एवढे असूनही अडचण येतेच, आणि तेव्हा मदत मिळणे हे प्रश्न कसा मांडला यावर अवलंबून असते. ‘आकृती बिघडली’ एवढ्यावरून कोणताही जाणकार काही सांगू शकत नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती, फाइलचे एकक आणि शेवटच्या दोनचार आज्ञा कळल्या, तर २५.४ पटीचे कोडे क्षणात सुटते. ऑटोकॅडमध्ये एफ२ कळ दाबली की दिलेल्या आज्ञांची नोंद समोर येते आणि एफ१ दाबली की मदतपुस्तिका उघडते, पण शिकवणी वर्गांत या दोन कळांकडे फारसे कोणी वळत नाही. पूर्ण आरेखन पाठवण्याऐवजी बिघाड दाखवणारा लहानसा तुकडा वेगळ्या फाइलीत काढून द्यावा, कारण तो काढतानाच पुष्कळदा चूक सापडते. काम एखाद्या पुरवठादाराचे असेल, तर कोपऱ्यातील शीर्षक चौकटही त्याआधी काढून टाकावी, कारण ग्राहकाचे नाव, भागाचा क्रमांक आणि फेरबदलाची नोंद हे सगळे तिच्यातच असते.