नव्या करारावरचा अंगठा

कोकणातील अथवा घाटावरील जुने घर ज्यांनी पाहिले आहे, किंवा आजी-आजोबांच्या तोंडून त्याचे वर्णन ऐकले आहे, त्यांना एक गोष्ट सहज स्मरेल. वाटसरू अंगणात थांबे. ओळखीचा मनुष्य ओटीवर बसे. आप्तस्वकीयांना माजघरापर्यंत वाट मोकळी असे. आणि स्वयंपाकघर व देवघर यांत घरच्या माणसांखेरीज सहसा कोणी पाऊल टाकीत नसे. दिवसा दाराला कुलूप क्वचितच लागे. पण कोणी कोठवर यावे, हे सर्वांस ठाऊक असे. आपल्या भाषेतील ‘खासगी’ हा शब्दही चांगला जुना आहे. होळकरांच्या राज्यात राणीची खासगी दौलत सरकारी खजिन्याहून वेगळी राखली जाई, आणि त्या खासगीतून अहल्याबाईंनी दूरदूरच्या तीर्थक्षेत्री घाट व देवालये बांधविली. तेव्हा माणसाभोवती त्याच्या हक्काची एक सीमा असावी, ही कल्पना आपण पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली नाही. ती आपल्या घरांच्या बांधणीतच होती.

आज ओकव्हिलमधील आपल्या घरांना उत्तम कुलुपे आहेत. अनोळखी मनुष्य दारातून आत येऊ शकत नाही. तथापि एक पाहुणा अंगण, ओटी, माजघर अशा सर्व पायऱ्या ओलांडून थेट उशाशी येऊन बसला आहे, आणि त्याला आपणच सन्मानाने आत आणले आहे. तो म्हणजे आपला स्मार्टफोन. त्याच्या मागोमाग बोलणारी पेटी आली, दारावरील घंटेत कॅमेरा आला, मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ आले. ही साधने उपयुक्त आहेत यात शंका नाही. सातासमुद्रापलीकडील नातवाचे मुख ज्या यंत्रामुळे रोज पाहावयास मिळते, त्याची निंदा करणे कृतघ्नपणाचे ठरेल. प्रश्न एवढाच आहे की, हा पाहुणा आपल्या घरात पाहिलेले कोणास जाऊन सांगतो, आणि ते सांगण्याची परवानगी त्याला आपण केव्हा दिली?

या प्रश्नाचा विचार करण्यास आपल्या समाजाला एक विशेष कारण आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज करारबद्ध मजूर म्हणून देशाबाहेर पडले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत एकट्या मॉरिशस बेटावर जवळजवळ पाच लाख माणसे अशी उतरली, आणि त्यांत मुंबई बंदरातून निघालेली मराठी कुटुंबेही होती. मराठीत एके काळी शुभ्र साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. मोरस म्हणजेच मॉरिशस. ती साखर ज्यांच्या घामातून निघाली, त्यांनी ज्या कागदावर निशाणी केली तो ‘अ‍ॅग्रिमेंट’चा कागद होता, आणि या इंग्रजी शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. कागदात काय लिहिले आहे, हे त्यांस दुसऱ्याने सांगितले तेवढेच कळले. आणि सांगणारा नेहमीच खरे सांगत होता असे नाही.

करार संपला तरी पाळत संपली नाही. मॉरिशसच्या १८६७ च्या कायद्याने, करार पुरा करून मोकळ्या झालेल्या जुन्या मजुरासही आपले छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगणे भाग पडले. ते दाखविता आले नाहीत, अथवा तो परवानगीविना दुसऱ्या जिल्ह्यात सापडला, तर त्यास भटक्या ठरवून धरीत. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये अ‍ॅडॉल्फ द प्लेवित्झ या युरोपीय गृहस्थाच्या साहाय्याने ९,४०१ मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. १८७२ मध्ये राजकीय चौकशी आयोग बेटावर आला, आणि १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने मजुरांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे दाखवून दिले. पुढे दक्षिण आफ्रिकेत याच जातीच्या सक्तीला आपल्या लोकांनी तोंड दिले. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्ग येथे गांधीजींच्या उपस्थितीत दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रांची होळी झाली.

आपल्या पूर्वजांना आपल्यावर पाळत आहे हे निदान ठाऊक तरी होते, आणि म्हणूनच त्यांस अर्ज करता आला. आपली स्थिती याहून चमत्कारिक आहे. आपण लिहिणे-वाचणे शिकलो, पदव्या मिळविल्या. आणि तरीही फोनच्या पडद्यावर ‘मला मान्य आहे’ अशी अक्षरे दिसताच न वाचता अंगठा दाबून मोकळे होतो. निरक्षर पणजोबांचा अंगठा आणि सुशिक्षित पणतूचा अंगठा यांत, करार न समजण्यापुरता, काय फरक राहिला?

हे बोलणे अतिशयोक्त वाटू नये म्हणून आपल्या गावाशी संबंध असलेले एक उदाहरण पाहू. टिम हॉर्टन्स या प्रसिद्ध कॉफीगृहांचे मुख्य कार्यालय अनेक वर्षे येथे ओकव्हिलमध्ये होते. २०१८ मध्ये ते टोरांटोस गेले. या कंपनीचे एक अ‍ॅप आहे. घरून निघण्यापूर्वी कॉफी मागवावी, इतकाच त्याचा उपयोग ग्राहकांस वाटे. २०२० मध्ये ‘फायनॅन्शियल पोस्ट’चे वार्ताहर जेम्स मॅक्लाउड यांनी, कायद्याने दिलेला हक्क बजावून, कंपनीकडे स्वतःविषयीची माहिती मागितली. तेव्हा पाच महिन्यांहूनही कमी काळात त्या अ‍ॅपने आपला ठावठिकाणा २,७०० हून अधिक वेळा नोंदविला असल्याचे त्यांना आढळून आले.

मग केंद्रीय गोपनीयता आयुक्त आणि क्वेबेक, ब्रिटिश कोलंबिया व अल्बर्टा या प्रांतांतील त्यांचे सहकारी यांनी संयुक्त चौकशी केली. १ जून २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा आशय असा : अ‍ॅप उघडलेले असेल तेव्हाच स्थान पाहिले जाईल, अशी अनेकांची समजूत करून देण्यात आली होती, प्रत्यक्षात फोन चालू असेतोवर दर काही मिनिटांनी ते नोंदले जात होते. त्यावरून ग्राहक राहतो कोठे, कामास जातो कोठे, तो प्रवासात आहे की काय, याचे अनुमान काढले जाई. तो प्रतिस्पर्धी दुकानात शिरला वा तेथून निघाला, याचीही नोंद होई. ज्या जाहिरातींसाठी ही माहिती हवी होती, तो बेत कंपनीने पुढे सोडून दिला. तरी संग्रह चालूच राहिला, तो ऑगस्ट २०२० मध्ये थांबला. अशी फसगतीने मिळालेली संमती ही संमतीच नव्हे, असे आयुक्तांनी ठरविले आणि साठविलेली माहिती नष्ट करण्यास सांगितले. ग्राहकांनी लावलेल्या दाव्यांत तडजोड म्हणून जे देऊ करण्यात आले, ते एक गरम पेय आणि एक गोड खाद्यपदार्थ! माणसाच्या सबंध दिनचर्येची किंमत बाजारात केवढी ठरते, ते यावरून कळावे.

हे एकाच कंपनीचे वैगुण्य नव्हे. २०२० मध्ये आयुक्तांनी असे उघडकीस आणले की, कॅडिलॅक फेअरव्ह्यू या कंपनीच्या कॅनडातील १२ व्यापारसंकुलांत मार्गदर्शक फलकांमध्ये कॅमेरे दडविलेले होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नकळत सुमारे ५० लाख चेहऱ्यांच्या प्रतिमा घेण्यात आल्या होत्या. अमेरिकेत २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने दोन प्रकरणांत दंड व परतफेड मान्य केली. ‘अलेक्सा’ या बोलत्या यंत्राने लहान मुलांचे आवाज अवास्तव काळ साठविल्याबद्दल अडीच कोटी डॉलर. आणि ‘रिंग’ या कॅमेऱ्यांतील ग्राहकांची घरगुती चित्रे कंपनीच्याच नोकरांना पाहता येत असल्याबद्दल ५८ लाख डॉलर. शयनगृहात ठेवलेल्या कॅमेऱ्याचा मालक कोण, असा प्रश्न येथे सहजच उभा राहतो.

यावर पुष्कळ सज्जन म्हणतात, “आमच्यापाशी लपविण्यासारखे आहे काय?” हा प्रश्न सरळ मनाचा आहे, परंतु नेमका नाही. आपण देवघराचे दार लोटून घेतो ते आत चोरीचा माल आहे म्हणून नव्हे. घरातील आजारपण, मुलीच्या लग्नाची बोलणी, भावाभावांतील वाटणी, उतारवयातील औषधे यांत लज्जास्पद काहीच नसते; तरी ते कोणापुढे केव्हा मांडावे हे ठरविण्याचा अधिकार आपला असतो. आणि ज्याला आपल्या सवयी, आपली भीती आणि आपली निकड ठाऊक आहे, त्याला आपल्याशी सौदा करताना आपल्याहून अधिक बळ असते. मळ्याच्या मालकाला मजुराची नोंदवही ज्या कारणासाठी हवी होती, त्याहून हे कारण फार निराळे नाही.

मात्र नोंद ही वस्तू मुळातच दुष्ट आहे, असेही समजू नये. मॉरिशसमधील मोका येथे महात्मा गांधी संस्थानात त्या मजुरांच्या नोंदवह्या व छायाचित्रे जतन केलेली आहेत. ज्या कागदांनी पूर्वजांस जखडले, त्याच कागदांवरून आज त्यांचे वंशज आपल्या गावाचे आणि पणजोबांच्या वडिलांचे नाव शोधून काढतात. नोंद कोणाच्या हाती आहे, कशासाठी आहे, आणि जिच्यात आपले नाव आहे ती आपणास पाहता व पुसता येते काय, यावर सारे अवलंबून असते. त्याच मॉरिशसमध्ये २०१३ मध्ये बोटांच्या ठशांसह नवे ओळखपत्र निघाले, तेव्हा एक नागरिक न्यायालयात गेला. ठसे घेणे चालेल, परंतु त्यांचा सरकारी संग्रह करून ठेवणे घटनेस धरून नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. आणि ओळखपत्रावरील ठशांच्या सुरक्षिततेची पुरेशी हमी नाही म्हणून त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२१ मध्ये सांगितले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयातही नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. १८७१ च्या अर्जाची परंपरा खंडित झालेली नाही, हे यावरून दिसते.

आता आपण काय करावे? यंत्रे फेकून द्यावयाची नाहीत. जुन्या घराच्या पायऱ्या त्यांना पुन्हा लावून द्यावयाच्या आहेत.

प्रथम फोन. त्याच्या सेटिंगमध्ये स्थान, मायक्रोफोन व कॅमेरा यांच्या परवानग्यांची यादी असते. एखाद्या निवांत रविवारी ती उघडून प्रत्येक अ‍ॅपला विचारावे, “तुला हे कशाला हवे?” नकाशाला स्थान हवे, तेही ‘वापरात असतानाच’, पत्त्यांच्या खेळाला ते नको. जे अ‍ॅप वर्षभर उघडले नाही, त्याला निरोप द्यावा. परवलीचा शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा, आणि दुहेरी पडताळणीची सोय असेल तेथे ती चालू ठेवावी.

दुसरे घर. बोलत्या पेटीचा मायक्रोफोन बंद करण्याची कळ असते. काम नसता ती दाबावी, आणि साठलेली ध्वनिमुद्रणे वेळोवेळी पुसावी. कॅमेऱ्यासोबत कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. दारावरील कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे, आणि घरात कॅमेरा असल्यास पाहुण्यास तसे आधीच सांगावे. आतिथ्याचा तो नवा नियम समजावा.

तिसरे नातलग. मूळ गाव व कूळ शोधण्याच्या ओढीने आपल्यापैकी अनेकजण लाळेचा नमुना पाठवून वंशपरीक्षा करून घेतात. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीची सुमारे १४,००० खाती चोरांनी उघडली. इतरत्र वापरलेलाच परवलीचा शब्द तेथेही वापरल्यामुळे त्यांचे फावले, आणि नातेवाईक जुळविण्याच्या सोयीमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती गेली. एकाच्या हलगर्जीपणाचे फळ सगळ्या गोतावळ्याने भोगले. रक्ताची माहिती कधीच एकट्याची नसते. ती देण्यापूर्वी घरच्यांस विचारावे.

चौथा हक्क. कॅनडाच्या कायद्यानुसार व्यापारी संस्थेकडे आपल्याविषयी कोणती माहिती आहे, हे लेखी विचारता येते आणि तिने सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. उत्तर न आल्यास गोपनीयता आयुक्तांकडे विनामूल्य तक्रार करता येते. मॅक्लाउड यांनी केले ते आपणांपैकी कोणासही करता येईल.

शेवटी स्वतःच्या मंडळाविषयी दोन शब्द. हा कायदा आपल्यासारख्या ना-नफा सांस्कृतिक संस्थांना बहुधा लागू होत नाही. म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे. सभासदांचे पत्ते, देणगीदारांच्या रकमा, गणेशोत्सवात नाचणाऱ्या मुलांची छायाचित्रे ही आपल्यापाशी विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. मूल कोणाचे, हे विचारल्यावाचून त्याचे चित्र जगापुढे ठेवू नये. सभासदांची यादी कोणा विक्रेत्याच्या हाती पडू देऊ नये. आणि ज्यास आपले नाव यादीतून काढावयाचे असेल, त्यास कारण विचारू नये.

पूर्वजांना करार वाचता येत नव्हता. तरी अन्याय कळताच ९,४०१ जणांनी एका अर्जावर आपली नावे घातली. आपणांस वाचता येते. पुढच्या वेळी पडद्यावर ‘मला मान्य आहे’ ही अक्षरे उमटतील, तेव्हा अंगठा क्षणभर उचलून धरावा आणि आधी वाचावे. घरातील मुलांनाही ती सवय लावावी. ज्यांनी निशाणी करून आपणास अक्षरांपर्यंत पोहोचविले, त्यांच्या ऋणाची एवढी तरी फेड आपल्या हातून व्हावी.