नळ मोजला, कळशी राहिली

ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. कुतुपालाँगच्या टेकड्यांवरचे जंगल गेले आणि तिथे जगातील सर्वांत मोठी निर्वासित वस्ती उभी राहिली. मदतसंस्थांनी भराभर हजारो हापसे बसवले, संडास बांधले. पण कित्येक हापशांची बोअर उथळ होती आणि संडास त्यांना खेटूनच होते. पाण्यात ई. कोलाय जंतू सापडले, तेही स्रोतापेक्षा घरातल्या भांड्यांत जास्त. किती बांधले, याचा हिशेब चोख असूनही लोक काय पितात, हे त्यातून कळत नव्हते. छावणीतल्या पाण्याची देखरेख नळाशी थांबते, तेव्हा ती अर्धीच होते.

मोजण्याची ही शिस्त मोठी किंमत मोजून आली. जुलै १९९४ मध्ये रवांडातून झाइरमधील गोमा परिसरात आलेल्या निर्वासितांपैकी सुमारे पन्नास हजार माणसे पहिल्याच महिन्यात दगावली, बहुतेक पटकी आणि हगवणीने. त्या धड्यातूनच १९९७ साली 'स्फिअर' प्रकल्प सुरू झाला. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसे, छावणी स्थिरावल्यावर वीस जणांमागे एक संडास, नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन, अशी मापे त्यातून रूढ झाली. या मापांमुळे निदान जाब विचारायला आधार मिळाला. मात्र सरासरी १५ लिटर भरले, तरी टेकडीच्या पायथ्याशी २५ आणि माथ्यावर पाचच मिळत असतील, हे त्या आकड्यात दिसत नाही. क्लोरीनचेही तसेच. उन्हाच्या प्रदेशात उघड्या भांड्यात साठवलेल्या पाण्यातून ते काही तासांत उडते. दक्षिण सुदानमधील छावण्यांतल्या अभ्यासात हेच दिसले: नळाशी प्रमाण योग्य असले, तरी घोट घेईपर्यंत संरक्षण उरत नाही. म्हणून नळावरची मात्रा घरातल्या मापावरून, छावणीगणिक ठरवायला हवी.

यावर आक्षेप असा, की साथ दाराशी असताना घरोघर कोण फिरणार? पहिल्या आठवड्यांत तो रास्तच आहे. तेव्हा टँकर आधी, तक्ते नंतर. पण छावण्या आठवड्यांत उठत नाहीत, वर्षानुवर्षे राहतात, आणि तपासणीला सगळी घरे लागत नाहीत. नीट निवडलेली थोडीही पुरतात. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: मदतीवर जगणारा माणूस विचारणाऱ्याला रुचेल तेच सांगतो. खरे आहे. म्हणूनच 'पाणी शुद्ध करता का?' असे विचारण्यापेक्षा कळशीतले पाणी तपासावे. आणि जे तपासून कळत नाही ते बायकांकडून, बायकांनीच विचारून घ्यावे. दिवा नसलेला, कडी नसलेला संडास यादीत 'चालू' असतो. पण अंधार पडल्यावर तिकडे जावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच कमी पिणाऱ्या बाईसाठी तो नसल्यासारखाच. तिचे उत्तर यादीत येत नाही, तोवर त्या संडासापुढची 'चालू'ची खूण खोटीच.