चोवीस काडेपेट्या

२०२४ च्या नोव्हेंबरात मी लेकीकडे स्टुटगार्टला गेलो. पोचून चार दिवस झाले नाहीत तोच तिनं काडेपेट्यांची तीन पुडकी माझ्यापुढे आणून टाकली. एका पुडक्यात दहा, म्हणजे एकूण तीस. त्या घरात विडीकाडीचं व्यसन कुणाला नाही आणि शेगडी विजेची. "बाबा, काड्या काढून ठेवा. मला चोवीस रिकाम्या पेट्या हव्यात," ती म्हणाली. निवृत्त बापाला परदेशातल्या लेकीकडे कामं मिळतात ती अशीच. जन्मभर बँकेत नोटा मोजल्यावर काड्या मोजायला कसला कमीपणा? हजाराच्या आसपास भरल्या. जॅमच्या बरणीत भरून ठेवल्या. अजून संपल्या नसतील.

पेट्या हव्या होत्या त्या ॲडव्हेंट कॅलेंडरसाठी. नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारपासून जो काळ सुरू होतो, त्याला आपल्याकडची ख्रिस्ती मंडळी आगमनकाळ म्हणतात. वसईच्या शाखेत तीन वर्षं काढल्यानं हा शब्द माझ्या कानावरून गेला होता. कॅलेंडर मात्र नवीन. तो चौथा रविवार दरवर्षी मागंपुढं होतो, पण मुलांचं कॅलेंडर बरोबर एक डिसेंबरला सुरू होतं. रोज एक खिडकी उघडायची, आत जे असेल ते घ्यायचं. खिडक्या चोवीसच, कारण जर्मनीत मुलांना भेटी मिळतात त्या चोवीस तारखेच्या संध्याकाळी. पंचवीस उजाडेपर्यंत तिथल्या पोरांना धीर निघत नाही, असं जावई म्हणाला. तो तिथलाच, त्यामुळे अनुभवाचे बोल.

दुकानांत चॉकलेटं भरलेली तयार कॅलेंडरं ढिगानं मिळतात. पण ही चाल मुळात घरातलीच. एकोणिसाव्या शतकात तिकडची माणसं दारावर खडूच्या चोवीस रेघा ओढत आणि मुलं रोज एक पुसत. आमच्या लहानपणी दूधवाला भिंतीवर रेघा ओढायचा, त्या मात्र वाढत जायच्या! हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न नावाचे पाद्री गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत. नाताळ कधी येणार, या मुलांच्या भुणभुणीवर उपाय म्हणून त्यांनी १८३९ साली गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या : रोजची एक लहान, रविवारची मोठी. टोमास मान यांच्या 'बुडेनब्रोक्स' या १९०१ च्या कादंबरीतल्या लहानग्या हानोलाही घरी सांभाळणाऱ्या बाईनं असंच एक कॅलेंडर करून दिलेलं आहे. ती कादंबरी मी वाचली होती, पण हा तपशील डोळ्यांखालून निसटला होता. लेखक म्हणवून घेणाऱ्याला हे शोभत नाही.

सगळ्यांत मला आवडली ती माऊलब्रॉनची गोष्ट. स्टुटगार्टहून मोटारीनं तासाभराच्या आतलं हे गाव. तिथल्या जुन्या मठातल्या शाळेत केप्लर शिकला, हेर्मान हेसही शिकला आणि तिथून पळाला. याच गावात एका पाद्र्याच्या घरी गेरहार्ड लांग वाढला. त्याच्या आईनं त्याला पुठ्ठ्यावर चोवीस छोटी बिस्किटं लावून दिली होती. रोज एक खायचं. मुलगा मोठा होऊन म्युनिकमध्ये छपाईच्या धंद्यात पडला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यानं आईच्या पुठ्ठ्याचं छापील कॅलेंडर केलं. खिडक्या उघडायची सोय नंतर आली. पुढे युद्धात कागदच मिळेना. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, रिचर्ड झेल्मर यांनी याच स्टुटगार्टमधून पुन्हा कॅलेंडर काढायला सुरुवात केली. बाँबहल्ल्यांत निम्मंशिम्मं कोसळलेलं शहर, आणि हा गृहस्थ मुलांसाठी कागदी खिडक्या छापतो आहे! मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

आता पेट्यांत काय भरायचं? लेकीनं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. "येताना आईचा बटणांचा डबा आणा," असं तिनं फोनवर सांगितलं होतं, ते का हे तेव्हा कळलं.

आमची ही २०२२ च्या मार्चमध्ये गेली. नातीला मराठी आलं होतं ते हिच्याकडून, सगळं फोनवर. रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास दोघींचं चालायचं. चिऊ, काऊ, भोपळ्यातली म्हातारी. ही गेल्यावर फोन माझ्याकडे आला. मी विचारायचो, "जेवलीस का? शाळा काय म्हणते?" दोन प्रश्न, की खातं बंद. कादंबऱ्यांतून मी पानंच्या पानं संवाद लिहिले आहेत. चार वर्षांच्या पोरीशी तिसरं वाक्य सुचत नव्हतं. हळूहळू ती जर्मनमध्ये उत्तरं देऊ लागली, आणि मग नुसती मान हलवू लागली.

तर तो बोर्नव्हिटाचा पत्र्याचा डबा उघडून बसलो. शिवणयंत्राची बॉबिन, शिंप्याचा झिजलेला खडू, हुक, अंगुस्तान, लेकीच्या शाळेच्या गणवेशाचं बटण, मी बँकेत रुजू झालो त्या दिवशीच्या शर्टाचंही एक. चोवीस वस्तू मोजून काढल्या. कवडी काही केल्या मावेना, म्हणून ती चोवीस नंबरच्या पेटीला वरून दोऱ्यानं बांधली.

डिसेंबरात तिथं साडेचारला दिवस मावळतो. पाचला एक पेटी उघडायची, आणि आतल्या वस्तूची गोष्ट मी मराठीत सांगायची, असं ठरलं. पहिले काही दिवस लेक मधे बसून भाषांतर करी. सातव्या दिवशी नातीनं तिला हातानंच गप्प केलं. नवव्या दिवशी तिनं बापाला समजावलं, "काज म्हणजे बटणाचं घर."

जुनी खोड म्हणून मी रोज रात्री उरलेल्या पेट्या हलवून पाहत असे. दिवसअखेर टॅली! बारा तारखेला सतरा नंबरची पेटी वाजेना. उघडली तर रिकामी. कॅश कमी भरली की कॅशियरच्या पोटात जो गोळा येतो, तो इतक्या वर्षांनी पुन्हा आला. सतरामध्ये अंगुस्तान होतं. सकाळी लेक रागावली, नात रडली, आणि उशीच्या अभ्र्यातून ते काढून तिनं बोटात घालून दाखवलं. तिच्या बोटात ते गरगर फिरत होतं.

"हेच का घेतलंस?" मी विचारलं.

तिनं बोट टेबलावर आपटलं. टक, टक. "आजी अशी करायची. फोनमध्ये."

फोन जुळला की आमची ही अंगुस्तानानं स्टीलच्या पेल्यावर दोनदा टकटक करायची, हे मी विसरून गेलो होतो. समोरच्या खोलीत पेपर वाचत बसलेलो असायचो आणि त्या आवाजाचा मला त्रास व्हायचा. पोरीनंही माझ्यासारख्याच पेट्या हलवून पाहिल्या होत्या, आणि आवाजावरून ओळखलं होतं.

मी ते परत मागितलं नाही. सोळाच्या रात्री पेट्या हलवल्या, तेव्हा सतरा वाजली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिनं ती उघडली आणि इतकं आश्चर्य दाखवलं, की जावयाला खरंच वाटलं.

यंदा दिवाळी आटोपली तेव्हा तिचा फोन आला. प्रश्न तिनंच विचारले. आजोबा, जेवलात का? पाऊस गेला का? मग मुद्द्यावर आली. पेट्या त्याच आहेत, पण या वेळी वस्तू आजोबांच्या पाहिजेत. पार्सल लवकर पाठवा, आई म्हणते वेळ लागतो.

तेव्हापासून टेबलाचे खण उपसतो आहे. नोटा मोजताना बोटात घालायची रबरी टोपी सापडली. शाईच्या पेनाचं निब, वसईच्या लोकलच्या पासाचा तुकडा, घड्याळाची चावी, वडिलांच्या कोटाचं बटण. पितळी टोकन एखादं असायला हवं होतं, पण ती बँकेची मालमत्ता. निघताना सगळी मोजून दिली होती. काल रात्रीपर्यंत सतरा वस्तू झाल्या. अजून सात हव्यात.